मंजुरी उजव्या हाताची

आमच्या ह्यांचा उजवा हात मुळातच चांगला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या हाताने कधी तक्रार केली नाही. गेल्या महिन्यात तो आणखी चांगला झाला. गच्च बसलेली झाकणं तो एका हिसक्यात उघडू लागला. नळ इतका घट्ट बंद करू लागला, की तो उघडायला मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागे. हे सगळं रुग्णालयातल्या व्यायामाचं फळ. व्यायाम नेमाने, मंजुरीने आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने चालू होता. अडचण एवढीच, की आजारी पडला होता तो डावा हात.

झालं होतं असं. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि ह्यांची डावी बाजू ढिली पडली. देवाची कृपा, वेळेवर पोहोचलो, वेळेवर औषध मिळालं. पाय चार दिवसांत चालू लागला. बोलणं तर क्षणभरही थांबलं नव्हतं. स्ट्रेचरवरून आत नेताना, छताच्या पट्ट्या तिरक्या बसवल्यात आणि कुणाचं लक्ष कसं नाही, हे ह्यांनी दोन नर्सना आणि एका वॉर्डबॉयला समजावून सांगितलं. हे शाळेत चित्रकला शिकवतात, त्यामुळे तिरकं काही सहन होत नाही.

राहिला डावा हात. आणि हे चित्रं काढतात ती डाव्या हाताने. पेन्सिल बोटांत ठेवली की ती गळून पडे. मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते, "पहिले काही महिने महत्त्वाचे. आत्ता बोटांना शिकवाल ते ती शिकतील. नंतर ती हट्टाला पेटतात." म्हणून तर व्यायामाची घाई.

पहिल्याच दिवशी फिजिओ मॅडमनी ह्यांचा उजवा हात धरला आणि वर-खाली करायला सुरुवात केली.

"मॅडम, हा चांगला आहे," हे म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, काका," मॅडम मायेने म्हणाल्या. "झटक्यानंतर पुष्कळांना आपला आजारी हात चांगलाच वाटतो. मेंदू मान्य करत नाही. हळूहळू मान्य होईल."

ह्यांनी मान्य न करता मॅडमचा हात दाबला. मॅडम किंचाळल्या. बोटं झटकत त्या कागद बघून आल्या आणि म्हणाल्या, "मला पटलं हो काका. पण मंजुरी उजव्याची आहे. डाव्याला मी हात लावला आणि उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू? कागद बदलून आणा, मी डाव्याला सोडणार नाही. तोवर आपण उजव्याचं करू. रिकामं बसण्यापेक्षा बरं."

तर त्या दिवसापासून आम्ही रिकामे बसलो नाही.

कागद बदलायचा म्हणजे काय, हे मला आधी कळत नव्हतं. चौकशीअंती कळलं ते असं. पेशंटला घरी सोडलं, की त्याचे सगळे कागद नोंदणी विभागात जातात. तिथे एक बाई ते वाचतात आणि आजाराचा कोड करतात, एक अक्षर आणि त्यापुढे आकडे. कुठल्या नळीत गुठळी, कुठली बाजू लुळी, सगळं त्या आकड्यांत. पुढचे उपचार मंजूर होतात ते त्या आकड्यांना, माणसाला नव्हे. माणूस फक्त आकड्यांना घेऊन ठरलेल्या वेळी हजर राहतो.

नोंदणी विभागाची दुरुस्तीची खिडकी सकाळी आठ ते नऊ उघडी. आणि इथे माझी पंचाईत झाली, कारण सकाळी नऊपर्यंत माझं मौन असतं.

माझे नेम फार नाहीत. सकाळी उठल्यापासून जप होईपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, बोलायचं नाही. खोटं बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. एवढेच. हे म्हणतात, बायकोचे असे नेम असणं म्हणजे घरात लॉटरी लागणं. मौनात मी लिहूनही सांगत नाही. लिहून सांगणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, असं माझं मत आहे. खुणांना मात्र हरकत नाही. देवालाही कधीतरी खुणा कराव्या लागतच असतील.

"एक दिवस देवाकडून उसना घे," हे म्हणाले.

मी नुसती बघत राहिले. सकाळचे सात वाजले होते.

ह्यांना स्वतः खिडकीवर जायची सोय नव्हती. पेशंटने दुरुस्तीसाठी स्वतः येऊ नये असा नियम होता, कारण म्हणे पेशंट आपल्या आजाराबद्दल वाटेल ते सांगतात. शेवटी आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हेडक्लार्क भाऊजी धावून आले. भाऊजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठे खिडकी आणि तिच्यामागे माणूस दिसला, की त्यांच्या अंगात अजून संचारतं. "वहिनी," ते शर्टाची वरची गुंडी लावत म्हणाले, "तुम्ही फक्त उभ्या राहा. पीडित कुटुंब म्हणून. बोलायचं काम माझं."

पीडित कुटुंब म्हणून मी उभी राहिले.

खिडकीमागच्या बाईंना सगळे कोडताई म्हणत. केस घट्ट बांधलेले, टेबल स्वच्छ, पेन्सिलींची टोकं अशी केलेली की बघूनच बोटाला टोचावं. भाऊजी खाकरले. "नोंदीत विसंगती आहे."

कोडताईंनी कागद काढले आणि त्यांचा चेहरा उजळला. विसंगती ऐकून उजळलेला चेहरा मी प्रथमच पाहिला. "आहे खरी! स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी. तपासणीत डाव्या हाताची पकड कमी. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणजे हे बरोबर जुळलं. पण सुरुवातीच्या माहितीत लिहिलंय, उजवा हात."

"मग ते खोडा."

"मी?" कोडताईंनी छातीवर हात ठेवला. "मी खोडत नाही. मी लिहीत नाही. डॉक्टर लिहितात त्याचा मी कोड करते. उद्या डॉक्टरांनी लिहिलं की पेशंटला तीन हात आहेत, तर मी तिसऱ्या हाताचा कोड शोधीन."

"पण उजवा हात असं सांगितलं कुठल्या मूर्खाने?"

कोडताईंनी कागद जवळ घेतला. "माहिती देणार... पत्नी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनीही पाहिलं. साडेआठ वाजले होते.

तेव्हा मला लख्ख आठवलं. झटका आला ती वेळही सकाळचीच. मौन तर मी कधीच मोडलं होतं. जिन्यात उभी राहून अशी ओरडले होते की तीन मजले गोळा झाले. पण रुग्णालयात पोहोचून ह्यांना पलंगावर ठेवल्यावर मनात आलं, निदान उरलेला नेम तरी सांभाळावा, आता देवाला दुखवायची वेळ नाही. तेवढ्यात ड्युटीवरच्या छोट्या डॉक्टरांनी घाईघाईत विचारलं, "कुठला हात?" मी ह्यांच्या पायाशी, समोरासमोर उभी. समोरच्याच्या गालाला काही लागलं असेल, तर आपण आपल्याच त्या बाजूच्या गालावर दाखवतो ना? तसं मी ह्यांच्या दुखऱ्या हातासमोर असलेला माझा हात वर केला. तो माझा उजवा होता.

हे सगळं खिडकीपाशी खुणांनी सांगणं भाग होतं. मी आधी भाऊजींसमोर जाऊन उभी राहिले, त्यांच्या डाव्या हाताकडे बोट केलं, मग माझा उजवा वर केला, मग गाल पुसला, मग कपाळावर हात मारून घेतला.

भाऊजींनी ते मन लावून पाहिलं. "वहिनींचं म्हणणं आहे की दोन्ही हात. आणि चेहरासुद्धा."

"दोन्ही?" कोडताईंनी पेन्सिल उचलली. "मग तो वेगळाच कोड. पण डॉक्टरांनी लिहायला हवं."

मी इतक्या जोरात मान हलवली की केसातली पिन उडून रांगेतल्या गृहस्थांच्या खिशात पडली. त्यांनी ती सभ्यपणे परत केली आणि एक जागा मागे सरकले.

अखेर कोडताईंनी छोट्या डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवला, "नोंदी जुळत नाहीत, कृपया स्पष्ट करावे." भाऊजी म्हणाले, "सरळ विचारा ना, डावा हात ना हो?" तर कोडताईंनी कानांवर हात ठेवले. "तसं विचारायची सक्त मनाई आहे. प्रश्नातून उत्तर सुचवायचं नाही. सुचवलेल्या उत्तराचा कोड म्हणजे पाप." पाप म्हटल्यावर मला त्या बाईंबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांचाही नेमच की तो.

छोट्या डॉक्टरांनी मात्र मनापासून काम केलं. त्यांनी सगळे कागद वाचले. त्यांत फिजिओ मॅडमचे रोजचे शेरे होते: "उजवा हात, प्रगती उत्तम." "उजवा हात, प्रगती अतिउत्तम." "उजव्या हाताची पकड अपेक्षेपेक्षा जास्त." इतका भक्कम पुरावा पाहून त्यांनी हात तसाच ठेवला आणि मेंदूची बाजू बदलली. गुठळी डावीकडे गेली. तपासणीतली डाव्या हाताची ओळ त्यांनी नजरचूक म्हणून रद्द केली, आणि स्कॅनवर शेरा मारला, "बाजू पुन्हा पाहावी."

"अभिनंदन," कोडताई पुढच्या सकाळी म्हणाल्या. "आता सगळं जुळतंय."

"पण चुकीचं जुळतंय!" भाऊजी.

"ते असेल. पण मला प्रश्न विचारायला विसंगती लागते. जुळणाऱ्या कागदाला मी काय विचारणार?"

भाऊजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, एखादी विसंगती तयार करावी लागेल."

घरी येऊन सगळं सांगितलं, तर हे हसून म्हणाले, "गुठळी इकडून तिकडे गेली, आणि मला पत्ता नाही? निदान जाताना सांगून तरी जायचं." पण त्या हसण्यात नेहमीची धार नव्हती. डावा हात पांघरुणाखाली होता. हल्ली तो तिथेच असायचा.

विसंगती फिजिओ मॅडमनी दिली, आणि तीही खरी. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, "उजवा हात पूर्ण चांगला. डावा कमजोर. हे कसे?" कोडताई हरखल्या. या वेळी प्रश्न थेट मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेला. "कमजोरी उजव्या बाजूस की डाव्या बाजूस? कृपया स्पष्ट करावे."

उत्तर आलं, "होय."

दुसऱ्यांदा पाठवला. "कृपया दोहोंपैकी एक लिहावे." उत्तर आलं, "वरीलप्रमाणे." खाली सही. सही मात्र फार सुरेख होती.

तिसऱ्या खेपेला कोडताई स्वतः कागद घेऊन डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या. काही न सुचवता, काही न बोलता, नुसत्या उभ्या. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मौनाचं सामर्थ्य लोकांना पटत नाही. डॉक्टरांनी स्कॅन मागवला, पाहिला, आणि लिहिलं, "गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूस. कमजोरी डाव्या बाजूस." मी घरी देवापुढे पाच मिनिटं जास्त बसले.

फार लवकर बसले. नवी मंजुरी आली ती अशी: डावा हात, दुय्यम, साधे व्यायाम.

"दुय्यम म्हणजे?" मी विचारलं. त्या दिवशी मी खिडकी बंद होता होता, नऊला टेकून गेले होते, म्हणून बोलता आलं.

"म्हणजे कामाचा नसलेला," कोडताई म्हणाल्या. "माणसाचा मुख्य हात कुठला, ते डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. तसं लिहिलेलं नसेल आणि हात डावा असेल, तर तो दुय्यम धरायचा. नियमच आहे. दुय्यम हाताला मूठ मिटा, मूठ उघडा, एवढंच. बोटांच्या बारीक कामाचा विभाग मुख्य हाताला मिळतो."

"पण ह्यांचा तोच मुख्य आहे."

"डॉक्टरांना लिहू द्या. ते एकच विचारतील. पेशंट लिहितो कुठल्या हाताने?"

इथेच तर घोडं अडलं. कारण हे लिहितात उजव्या हाताने. लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी ह्यांचा डावा हात बाकाला बांधून उजव्याने लिहायला लावलं. अक्षर सुंदर आलं. मास्तर चित्रं शिकवत नसत, म्हणून चित्रं डाव्या हातातच राहिली.

कोडताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. "काय बोलायचं ते मी सुचवू शकत नाही," त्या भिंतीला म्हणाल्या.

सुचवणारे बाकी पुष्कळ होते. नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, सांगून टाक डाव्याने लिहितो म्हणून. कोण बघायला येतंय?" खालच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "आजारपणात खोटं चालतं. औषधासारखं, थोडं थोडं घ्यायचं." भाऊजी तर तयारच होते. "खोटं मी बोलतो, वहिनी. माझा तसला काही नेम नाही."

"पण ते माझ्या समोर बोलाल ना? मग ते मीच बोलल्यासारखं."

"मग तुम्ही तेवढ्यापुरत्या बाहेर उभ्या राहा."

"हिचा उपयोग नाही," हे म्हणाले. "घरी आलेल्यांना 'पुन्हा या' हेसुद्धा मनात असेल तरच हिच्या तोंडून निघतं. आपल्याकडे माणसं कमी येतात ती उगीच नाही."

सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळी मी खोलीत गेले, तर हे खिडकीशी बसून उजव्या हाताने चित्र काढत होते. समोर ठेवलेली कपबशी. मी मागून पाहिलं. कप कपासारखा होता, बशी बशीसारखी. सगळं जागच्या जागी.

"चांगलं आलंय की हो," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

"हं. वस्तूंची यादी चांगली झालीये," हे म्हणाले, आणि कागद उलटा करून ठेवला. "शाळेत तेवढं चालेल. मुलांना काय कळतंय." आयुष्यात पहिल्यांदाच मी ह्यांना, मुलांना काही कळत नाही, असं म्हणताना ऐकलं.

मोठ्या डॉक्टरांची भेट मिळाली ती सकाळी साडेआठची. दुसरी वेळ नाही म्हणाले. मी रात्रभर मनाला बजावलं होतं, प्रश्न ह्यांना विचारतील, हे उत्तर देतील, बोलण्यात ह्यांना कोण हरवणार? मी नुसती शेजारी बसेन. भाऊजींना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, खोटं बोलायचं नाही अशी शपथ घालून.

डॉक्टर घाईत होते. माणूस भला, पण दोन पेशंटांच्या मधल्या श्वासात जगणारा. त्यांनी कागद ओढला, ह्यांच्यापुढे पेन ठेवलं. "मास्तर, आपलं नाव लिहा बघू."

ह्यांनी लिहिलं. उजव्या हाताने. वळणदार, एका रेषेत, बाकाला हात बांधणाऱ्या त्या मास्तरांनी स्वर्गात मिशीला पीळ दिला असेल असं.

"वा! काय अक्षर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मुख्य हात उजवा. प्रश्नच मिटला. नशीबवान आहात, गेला तो दुसरा." आणि आपल्या पेनचं टोपण काढलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता बोलतील. आता काहीतरी टोला देतील. छताच्या पट्ट्यांवर व्याख्यान देणारा माणूस हा. पण हे खाली फरशीकडे बघत होते. डावा हात कोटाच्या खिशात होता, आणि उजव्या हाताने ते तो खिसा वरून धरून बसले होते, आतलं कुणी काढून नेईल की काय, अशा धाकाने.

डॉक्टरांचं पेन कागदाला टेकलं.

"अहो, लिहायला मास्तरांनी शिकवलं हो!"

हा आवाज कुणाचा, म्हणून मीही आजूबाजूला पाहिलं. माझाच होता. जिन्यातली ती एक हाक सोडली, तर इतक्या वर्षांचा न चढवलेला सगळा आवाज एकदम वर आला होता. "लिहायचं तेवढं उजव्याने! बाकी सगळं डाव्याने! दाढी डाव्याने, कुलूप डाव्याने, सुईत दोरा डाव्याने! भाजी निवडतात डाव्याने, पत्ते वाटतात डाव्याने, फसवतात तेसुद्धा डाव्याने! मला 'जरा गप्प बस' म्हणून खुणावतात तो हातसुद्धा डावा! आणि चित्रं! पोटाला आणि जिवाला पुरेल एवढी चित्रं त्या हाताने काढली, आणि तुम्ही त्याला दुय्यम म्हणता?"

दार उघडून नर्सने आत डोकावलं. तिच्या खांद्यावरून भाऊजी. बाहेरची सगळी रांग उभी राहिली होती. मागून भाऊजींचा आवाज आला, "मी काही बोललो नाही हं, वहिनी."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. "बाई," ते जपून म्हणाले, "तुमच्याबद्दल मला सांगितलं होतं की तुम्ही बोलत नाही."

मी तोंडावर पदर धरून बसले. तेवढ्यात ह्यांच्या खिशात काहीतरी हललं. ह्यांनी डावा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. उजव्याने त्यांनी त्या बोटांत पेन खोचलं, एकेक बोट मिटवून बसवलं. पेन पडलं. पुन्हा बसवलं. पुन्हा पडलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, याबद्दल देव त्यांचं भलं करो. तिसऱ्यांदा पेन राहिलं, आणि रेघ निघाली. वेडीवाकडी, मुंगी शाईत बुडून चालावी तशी. वर गेली, खाली आली, मध्येच अडली, वळली. मग एक टिंब, मग दुसरं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलं होतं. चित्र जमत असलं की ते नेहमी येतं.

डॉक्टरांनी कागद उचलून उजेडाला धरला. त्यावर एक घाईतला माणूस होता, भुवया वर चढलेल्या, आणि चेहऱ्याच्या आधी खोलीत शिरणारं नाक. नर्सने तोंडावर हात ठेवला आणि ती बाहेर पळाली.

डॉक्टरांनी चित्र टेबलावर ठेवलं. मग त्यांनी आपला कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात, एकेक शब्द सुटा करून लिहिलं, "पेशंट डावखुरा आहे. डावा हात मुख्य. बोटांच्या कामाचा विभाग, उद्यापासून." सही करून त्यांनी चित्र पुन्हा हातात घेतलं.

"मास्तर, खरं सांगा. नाक खरंच इतकं वाकडं आहे, की तो तुमच्या हाताचा दोष?"

"नाक तुमचंच आहे, डॉक्टर," हे म्हणाले. "थरथर तेवढी माझी. ती गेली, की पुन्हा काढतो. तेव्हा सरळ आलं, तर मात्र माझी चूक."